काळा चौकोन

सतरा नंबरचा खांब मीच रोवला.
खाली काळा पाषाण लागला, दोन दिवस त्यातच गेले.
उदगीर, तांबटांची गल्ली, चौकीच्या बरोबर समोर.
उद्‌घाटनाला साहेबांनी पडद्यावर झूम करायला लावलं,
पेढ्याच्या खोक्यावरचं दुकानाचं नाव वाचता आलं,
टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी महानंदा स्वामी आली.
ब्लाउज शिवते, गळ्यात टेप तसाच.
"नागनाथ, तुझ्या खांबाला आमची मोरी दिसती का रे?"
मोरी म्हणजे चार पत्रे. वर आभाळ.
म्हणालो, बघून सांगतो.

बघितलं. दिसत होती.
बादली, घासायचा दगड, दोरीवरचा परकर.
तिला सांगितलं, नाही दिसत.
आणि त्याच रात्री माऊसनं ओढून
तेवढ्यावर एक काळा चौकोन ठेवला.
यंत्रात तशी सोय असते.
कोणी ठेवला, किती वाजता, हेही यंत्र लिहून घेतं.
नाव माझं होतं.
माझं नाव नि पासवर्ड चिकटपट्टीनं पडद्याच्या कडेला लावलेला,
सगळे माझ्याच नावानं आत जायचे,
चपला घालून.

मग येळवस आली.
अख्खं गाव शिवारात,
गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
मी मामाच्या रानात कोपीपुढं बसून भज्जी खात होतो.
आंबील पिताना मला चाळीस माणसांनी बघितलं,
एकाही यंत्रानं नाही.

त्या दुपारी महानंदाच्या भावाला, विश्वंभरला,
कुणाच्या तरी मोटारसायकलीचं विचारायला बोलावलं.
दिवस मावळताना तो बाहेर आला
उजवा हात डाव्या हातात धरून.
पायरीवरून घसरला, म्हणे.

महानंदानं दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला:
पायरी दाखवा.
उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं:
सदर वेळेचे चित्रण अस्पष्ट आहे,
शिवाय त्रयस्थ महिलेच्या खाजगीपणाचा प्रश्न उद्भवतो.

मी त्या दिवसाची फीत लावली.
एक वाजून बारा मिनिटांनी
माझा चौकोन सरकायला लागतो.
मोरीवरून भिंतीवर, भिंतीवरून रस्त्यावर,
शाई सांडावी तसा,
आणि पायऱ्यांवर येऊन थांबतो.
तीन पायऱ्या. चारही कोपरे नीट जुळवलेले.
चार वाजून चाळीसला परत मोरीएवढा होतो,
जसं काही झालंच नाही.
खाली नाव: नागनाथ केंद्रे.

आठ दिवस मी जेवलो नाही असं म्हणणार नाही.
जेवलो. झोपलोही.
त्या नोंदीचा कागद तेवढा छापून
पाकिटात, लेकीच्या फोटोमागं ठेवला.

नवव्या दिवशी खांबाखाली तिला गाठलं.
"तेव्हा खोटं बोललो, महानंदाताई. मोरी दिसत होती."
ती टेप बोटाला गुंडाळत राहिली.
"ठाऊक हाय. तू खाली बघून बोलला होतास."

मग मी कागदाचं सांगितलं.
हेही सांगितलं, की हा कोर्टात ठेवला
तर पहिला चौकोन का काढला ते आधी विचारतील.
तुझे चार पत्रे चारचौघांत येतील.
वकील नकाशा मागेल. बादली कुठं, दगड कुठं.

"झाकायला मीच सांगितलं होतं ना?"
"हो."
"मग उघडायलाबी मीच सांगते. माझं हाय ते.
त्यांनी कुणाला इचारून पांघरलं?"

थोडं थांबून म्हणाली,
"आन तुझी नौकरी?"
त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

वर सतरा नंबर.
लाल ठिपका आमच्या दोघांवर.
एरवी मी त्याच्याखालून मान घालून जातो,
आज कागद काढला, घडी उलगडली,
आणि तिला वाचता यावा म्हणून
जरा उजेडाकडं धरला.